जवळच्या माणसाचे व्यसन : ओळखणे, बोलणे आणि मदत मिळवणे

ज्या माणसावर आपली माया आहे तो नशा करतो आहे की काय, ही शंका मनात आली की बहुतेक जण एक तर पुरावा शोधू लागतात, नाहीतर शंका मनातच दाबून टाकतात. दोन्हींत महिने निघून जातात. कपाटे उचकून आणि खिसे तपासून अखेर एखादी पुडी किंवा गोळ्यांचे पाकीट हाती लागते तोवर घरातला विश्वास संपलेला असतो, आणि त्या पुडीतून जे कळते ते माणसाच्या वागण्यातून कितीतरी आधी दिसू लागलेले असते. मदत मागण्यासाठी खात्री पटलेली असावी लागत नाही. त्यासाठी त्या माणसाची संमतीही लागत नाही, कारण पहिली मदत आपण स्वतःसाठी घेऊ शकतो. पुढे जे सांगितले आहे ते या दोन गोष्टी धरून वाचावे.

काय पाहावे

व्यसनाचे असे एकच एक लक्षण नसते. पाहायचा असतो तो बदल, आणि तोही त्या माणसाच्या नेहमीच्या स्वभावाशी ताडून. जो मुळातच अबोल आहे त्याचे गप्प बसणे काही सांगत नाही. पण घरभर बडबडणारी मुलगी दार लावून बसू लागली, वेळेचा पक्का असलेला भाऊ कामावर वारंवार उशिरा पोहोचू लागला, किंवा नीटनेटके राहणाऱ्या वडिलांना अंघोळीचा कंटाळा येऊ लागला, तर तिकडे लक्ष द्यावे. असे तीन-चार बदल एकाच सुमारास आले आणि काही आठवडे टिकले, तर ते योगायोग म्हणून सोडून देऊ नयेत. झोपेचे चक्र उलटे होणे, भूक एकदम वाढणे किंवा मरणे, जुने मित्र सुटून नव्यांची नावेही घरात न सांगितली जाणे, आवडता खेळ किंवा वाद्य अडगळीत पडणे, पैशांचा हिशेब न लागणे, वस्तू ‘हरवू’ लागणे, साध्या प्रश्नावर नको इतका राग येणे, आणि ज्या खोट्याची गरजच नव्हती तेही बोलले जाणे, हे बदल घरच्यांना सर्वांत आधी जाणवतात.

येथे एक सावधगिरी हवी. यांतले जवळजवळ प्रत्येक लक्षण नैराश्य, चिंताविकार, थायरॉइडचा आजार, शाळेत होणारा छळ किंवा मोडलेले नाते यांमुळेही दिसू शकते. शिवाय मानसिक आजार आणि नशा बऱ्याचदा हातात हात घालून येतात. आतला त्रास थोपवण्यासाठीच कित्येक जण नशेकडे वळलेले असतात. म्हणून आपण केलेल्या निदानाला चिकटून बसू नये. ‘याच्यात काहीतरी बिघडले आहे’ एवढे कळणे पुरेसे आहे. काय बिघडले आहे ते डॉक्टरांनी ठरवायचे असते.

शरीरावरच्या खुणा पदार्थाप्रमाणे बदलतात. गांजा घेतल्यावर डोळे लाल होतात, तोंड कोरडे पडते, वेळेचे भान सुटते आणि भूक उसळते. हेरॉइन, मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल अशा अफूच्या वर्गातल्या पदार्थांनी डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, माणूस बसल्या जागी पेंगतो, अंग खाजवतो आणि त्याला बद्धकोष्ठ होते. कोकेन, मेथॅम्फेटामिन, एमडीएमए अशा उत्तेजक पदार्थांनी उलट बाहुल्या मोठ्या होतात, झोप उडते, बोलणे थांबत नाही, जबडा आवळला जातो, वजन झपाट्याने घटते. आणि असर उतरला की तो माणूस दिवसच्या दिवस झोपतो आणि उदास होतो. दीर्घकाळ घेतल्यास संशय इतका वाढू शकतो की त्याला कोणीतरी पाठलाग करते आहे असे खरोखरच वाटू लागते. झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांनी दारू न पिताही जीभ जड होते आणि तोल जातो. थिनर, गोंद किंवा व्हाइटनर हुंगणाऱ्या मुलांच्या कपड्यांना रसायनाचा वास येतो, तोंडाभोवती पुरळ उठते, चिंध्या आणि रिकाम्या नळ्या साठू लागतात. हा प्रकार पोरकटपणा म्हणून सोडून देऊ नये, कारण हुंगताना हृदयाचा ठोका बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो.

औषधांचे व्यसन सर्वांत उशिरा लक्षात येते, कारण ते चिठ्ठीवर लिहून मिळालेले असते आणि घेणारा माणूस बहुधा घरातला जबाबदार, कधी वडीलधाराही असतो. वेदनाशामक गोळी ठरल्यापेक्षा लवकर संपणे, एकाच औषधासाठी दोन-तीन डॉक्टरांकडे जाणे, गोळ्या हरवल्याची वारंवार तक्रार करणे, कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या खोकला नसतानाही सापडणे, या गोष्टी दिसल्या तर आधी मूळ औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विश्वासात घ्यावे.

प्रयोग, सवय आणि आजार

एकदा घेतलेला प्रत्येक जण व्यसनी होत नाही, हे सांगणे गरजेचे आहे, कारण घाबरलेले घर अनेकदा पहिल्याच दिवशी मुलाच्या आयुष्याचा निकाल लावून टाकते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएम-5 मध्ये, यासाठी 11 निकष दिले आहेत. ठरवल्यापेक्षा जास्त घेतले जाते का, सोडायचे प्रयत्न फसतात का, दिवसाचा मोठा भाग नशा मिळवण्यात, करण्यात आणि त्यातून सावरण्यात जातो का, तलफ येते का, काम किंवा शिक्षण मागे पडते का, नाती बिघडत असूनही थांबता येत नाही का, पूर्वीएवढाच परिणाम व्हायला मात्रा वाढवावी लागते का, आणि बंद केल्यावर शरीर त्रास देते का, असे हे प्रश्न आहेत. बारा महिन्यांत 2 किंवा 3 निकष जुळले तर तीव्रता सौम्य, 4 किंवा 5 जुळले तर मध्यम आणि 6 किंवा अधिक जुळले तर गंभीर मानली जाते. या प्रश्नांनी घरी निदान करू नये. पण डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आपले निरीक्षण नीट मांडायला ते फार उपयोगी पडतात. तारीख, वेळ, काय दिसले आणि त्यानंतर काय झाले, एवढेच एका वहीत लिहीत जावे. ही वही त्या माणसासमोर आरोपपत्र म्हणून कधीही ठेवू नये.

घरच्या घरी लघवीची चाचणी करावी का, असे पालक हमखास विचारतात. माझे मत स्पष्ट आहे : चोरून किंवा बळजबरीने मुळीच करू नये. गांजा क्वचित घेतला असेल तर चाचणीत साधारण तीन दिवस दिसतो, तर रोज घेणाऱ्याच्या लघवीत तो महिनाभरही सापडू शकतो; सर्दीच्या काही औषधांमुळे उत्तेजक पदार्थ घेतल्याचा खोटा निकाल येतो; आणि फेंटानिलसारखे कृत्रिम पदार्थ साध्या चाचणीत निसटतात. म्हणजे निकालाचा अर्थ लावायला शेवटी डॉक्टरच लागतात.

बोलण्याआधी धावायची वेळ

काही प्रसंगी चर्चा करत बसायची नसते. माणूस हलवूनही जागा होत नाही, श्वास फार मंद आहे किंवा घरघरतो आहे, ओठ आणि नखे निळसर पडली आहेत, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या आहेत, अशा वेळी अफूच्या वर्गातल्या पदार्थाची मात्रा जास्त झाली असे धरून तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. ‘झोपला आहे, उतरेल’ असे म्हणून त्याला एकटे सोडू नये. त्या घोरण्यासारख्या आवाजात अनेकांचा जीव गेला आहे. नालोक्सोन नावाचे औषध नाकात फवारून किंवा स्नायूत टोचून या पदार्थांचा परिणाम उलटवते, आणि शरीरात तसा पदार्थ नसला तरी त्याने अपाय होत नाही. मात्र त्याचा असर साधारण 30 ते 90 मिनिटांतच ओसरतो आणि मूळ नशा त्याहून जास्त टिकू शकते, म्हणून शुद्ध आली तरी रुग्णालयात न्यावेच लागते. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवून ठेवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. श्वास थांबला असेल तर फोनवर मिळणाऱ्या सूचनांप्रमाणे तोंडाने श्वास आणि छातीवर दाब देणे सुरू करावे. थंड पाण्याखाली धरणे, कॉफी पाजणे किंवा उलटी करवणे यांचा उपयोग होत नाही, वेळ मात्र जातो. छातीत दुखणे, झटके येणे, अंग तापाने फणफणणे किंवा टोकाचा भ्रम होणे या गोष्टीही याच यादीत मोडतात.

मरणाची भाषा कानावर आली तर तेवढ्याच तातडीने पावले उचलावीत. ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, ज्याच्या डोक्यात तो आधीच आहे त्याला बोलायला जागा मिळते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे ठेवू नये, घातक वस्तू आणि औषधे दूर ठेवावीत आणि त्याच दिवशी तज्ज्ञांना गाठावे.

कसे बोलावे

बहुतेक घरांत पहिले बोलणे वाईट वेळी होते : रात्री उशिरा, तो नशेत असताना, सगळ्यांचा आवाज चढलेला असताना. नशेत असलेल्या माणसाशी नशेविषयी बोलू नये, त्या रात्री फक्त त्याची सुरक्षितता पाहावी. दुसऱ्या दिवशीची, तो शुद्धीवर आणि तुम्ही शांत असाल अशी वेळ निवडावी. एकाने बोलावे, तेही ज्याच्याशी त्याचे जमते त्याने. अख्खे घर समोर बसले की माणसाला पिंजऱ्यात उभे केल्यासारखे वाटते. किशोरवयीन मुले समोरासमोर बसण्यापेक्षा चालता चालता किंवा गाडीत शेजारी बसून जास्त मोकळी होतात, असा माझा अनुभव आहे.

काय म्हणावे? जे दिसले तेवढेच, आणि त्याने आपल्याला काय वाटले ते. ‘तू गर्दुल्ला झालास, आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस’ या वाक्यात त्याला फक्त शरम ऐकू येते, आणि शरम माणसाला पुन्हा त्याच पदार्थाकडे नेते. त्याऐवजी आईने असे म्हणून पाहावे : ‘गेले तीन आठवडे तू रात्र रात्र जागा असतोस, जेवत नाहीस, परवा तुझे हात थरथरत होते. मला फार काळजी वाटते आहे. तुझं काय चाललंय ते मला समजून घ्यायचंय.’ आणि मग गप्प बसावे. हे गप्प बसणे सर्वांत अवघड असते, कारण त्या शांततेत आपली भीती आपल्याला बोलायला भाग पाडते. वडिलांशी बोलणाऱ्या मुलीने आदर न सोडता तेच म्हणावे : ‘बाबा, त्या गोळ्या दहा दिवसांतच संपल्या. तुम्हाला दुखतंय हे मला कळतंय. आपण दोघं मिळून डॉक्टरांना सांगूया का?’

पहिल्या बोलण्यात कबुली मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. नकार, चिडणे, रडणे, ‘मी कधीही सोडू शकतो’ हे ठरलेले वाक्य, यांतले काहीही येईल. वाद जिंकायचा प्रयत्न करू नये, कारण आपण जितक्या जोराने बदलाची बाजू मांडतो तितक्या जोराने तो न बदलण्याची बाजू मांडू लागतो. विल्यम मिलर आणि स्टीफन रोल्निक यांनी विकसित केलेली प्रेरणात्मक मुलाखतीची पद्धत याच निरीक्षणावर उभी आहे : बदलाची कारणे त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडून यायला हवीत. त्यासाठी ‘यातून तुला काय मिळतं?’ असे खऱ्या कुतूहलाने विचारावे, आणि त्यानंतर ‘यातलं काय तुलाच नकोसं झालंय?’ असे विचारावे. शेवटी एक छोटीशीच गोष्ट मागावी : एकदा डॉक्टरांना भेटूया, एवढीच. आयुष्यभर सोडण्याची शपथ मागू नये. शपथा मोडतात, आणि मोडलेली शपथ लपवण्यासाठी नवे खोटे बोलावे लागते.

आधार देणे आणि पांघरूण घालणे

साहेबांना फोन करून ‘ताप आला आहे’ असे सांगणे, देणेकऱ्यांचे पैसे गुपचूप भागवणे, नातेवाइकांसमोर सारवासारव करणे, हे सगळे प्रेमापोटी होते. पण त्यामुळे नशेचे परिणाम त्या माणसापर्यंत पोहोचतच नाहीत. ते तुम्ही झेलत राहता. जेवण, उपचारांचा खर्च, रुग्णालयात सोबत, प्रेमाचा शब्द, हा आधार कधीही काढून घेऊ नये. नशेमुळे निर्माण झालेल्या अडचणी मात्र शक्य तेथे त्याच्या त्यालाच निस्तरू द्याव्यात. रोख रक्कम हातात देण्याऐवजी फी थेट भरावी. ‘घरात नशा चालणार नाही आणि नशेत गाडीची किल्ली मिळणार नाही’ अशा मोजक्या मर्यादा शांतपणे सांगाव्यात, आणि ज्या पाळता येणार नाहीत त्या बोलूच नयेत. मारहाण होत असेल किंवा घरात लहान मुले असतील तर सुरक्षितता आधी. त्या रात्री घर सोडणे म्हणजे त्याला सोडून देणे नव्हे.

माणूस पुरता तळाला गेल्याशिवाय सुधारत नाही, हा समज फार पसरलेला आहे आणि त्याने फार नुकसान केले आहे. कितीतरी जण त्या तळावरून परत येत नाहीत. रॉबर्ट मेयर्स यांनी विकसित केलेल्या ‘क्राफ्ट’ या पद्धतीत कुटुंबीयांना शिकवले जाते की नशा नसलेल्या वेळेला दाद द्यावी, नशेच्या वेळी वाद न घालता बाजूला व्हावे, आणि माणूस स्वतः थकलेला दिसेल त्या क्षणी उपचाराचा पर्याय तयार ठेवावा. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचाराला नकार देणाऱ्या मद्यपींच्या ज्या कुटुंबीयांना हे शिकवले गेले त्यांच्यापैकी 64 टक्क्यांच्या माणसाने उपचार सुरू केले. सगळ्यांनी मिळून एकदम समोरासमोर जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण 30 टक्के होते. म्हणजे घरच्यांनी आपले वागणे बदलले तर फरक पडतो, आणि ते कोणाच्याही परवानगीविना आज सुरू करता येते.

मदत कोठे आणि कशी मागावी

सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून करता येते. तेथून मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक किंवा व्यसनमुक्ती केंद्राकडे वाट निघते. त्या माणसाने यायला नकार दिला तर तुम्ही एकटे जावे, ‘मी कसे वागू?’ एवढेच विचारावे. सरकारी मदतवाहिनी उपलब्ध असेल तर पहिले बोलणे नाव न सांगताही होऊ शकते. अमली पदार्थ घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठीचा नार-अनॉन आणि मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी 1951 मध्ये सुरू झालेला अल-अनॉन हे स्वमदत गट घरच्यांसाठीच आहेत. आपल्यासारखेच कोणी समोर बसून बोलताना ऐकले की छातीवरचे ओझे निम्मे उतरते.

एक धोका मात्र ठळकपणे सांगायला हवा. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू किंवा अल्प्राझोलॅम, डायझेपाम यांसारख्या गोळ्या घरच्या घरी एकदम बंद करू नयेत. दारू थांबल्यावर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि साधारण 48 ते 72 तासांच्या सुमारास भास, थरकाप आणि तीव्र गोंधळाची जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. म्हणून बाटल्या ओतून देऊन खोलीला कडी लावणे हा उपचार नव्हे. अफूच्या वर्गातल्या पदार्थांचा विड्रॉवल, म्हणजे नशा थांबल्यावरचा त्रास, क्वचितच थेट जीव घेतो. पण अंगदुखी, जुलाब, उलट्या आणि तळमळ इतकी असते की औषधांविना फार थोडे जण तो पार करतात. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत 2005 पासून आहेत. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असे म्हणून घरच्यांनी ती बंद करायला लावू नयेत. ती घेत असताना माणूस कामावर जातो, झोपतो, जगतो.

केंद्र निवडताना तेथे परवानाधारक डॉक्टर आहेत का, मानसिक आजारावर सोबतच उपचार होतात का, घरच्यांना भेटता आणि फोनवर बोलता येते का, आणि बाहेर पडल्यावर पाठपुरावा कसा होतो, हे विचारावे. हमखास बरे करण्याची हमी देणाऱ्या, मारहाण किंवा साखळदंडाला शिस्त म्हणणाऱ्या, अथवा आत पाहू न देणाऱ्या ठिकाणी आपल्या माणसाला ठेवू नये. शरीरातून पदार्थ निघून जायला काही दिवस लागतात, आणि खरा उपचार त्यानंतर सुरू होऊन महिनोन्महिने चालतो.

पुन्हा घसरला तर

उपचारानंतर पुन्हा नशा होण्याचे प्रमाण 40 ते 60 टक्के सांगितले जाते, आणि दमा किंवा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत लक्षणे उलटण्याचे प्रमाणही जवळपास तेवढेच असते. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून आपण कोणाला घराबाहेर काढत नाही. औषध आणि दिनक्रम तपासतो. येथेही तेच करावे : कोणत्या प्रसंगानंतर घसरण झाली, झोप तुटली होती का, औषध बंद झाले होते का, हे त्याच्यासोबत बसून पाहावे आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. खरा धोका वेगळाच असतो. काही आठवडे नशा न केलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीची नेहमीची मात्रा आता प्राणघातक ठरू शकते. म्हणून केंद्रातून, रुग्णालयातून किंवा तुरुंगातून घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अफूच्या वर्गातल्या व्यसनाच्या बाबतीत नालोक्सोन मिळत असल्यास घरात ठेवावे आणि ते कसे द्यायचे हे घरातल्या प्रत्येकाने शिकून घ्यावे. त्याला हेही सांगून ठेवावे : ‘चुकून घेतलंसच, तर लपू नकोस, एकटा राहू नकोस, कितीही वाजले असोत, मला फोन कर. मी ओरडणार नाही.’ आणि तो फोन आला तर खरोखरच ओरडू नये.